एक टन धान्य

“आपण परत मेलो, सर,” सत्यवान कोचरेकर म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. पाऊस थांबला, असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. पडद्यावर माझं जहाज फुटलं होतं आणि त्याचे पांढरे तुकडे काळोखात हळूहळू लांब जात होते. मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. मागे जमिनीवर बसलेल्या सातवीच्या एकोणतीस मुलांनी रोखून धरलेला श्वास सोडला.

“कितवी वेळ?” मी विचारलं.

“आजची सहावी,” दीपा केळुसकरनं वहीत बघून सांगितलं. ती सगळंच लिहून ठेवायची.

“तुम्ही घाई करता,” उर्मिला तारी पुढे सरकून म्हणाली. “बंदर गोल फिरत असतं ना, सर? आपण पण तेवढंच फिरायचं. मग ते थांबल्यासारखं दिसतं. तेव्हा आत शिरायचं.”

“मला ते थांबलेलं दिसतच नाही गं.”

“दिसेल. घाई नको. एक मोठा श्वास घ्या. परत करून बघू.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग हसला, आणि मीही. ते वाक्य माझं होतं. अपूर्णांकांच्या भागाकारानं रडकुंडीला आलेल्या पोरांना मी वर्षानुवर्षं तेच सांगत आलो होतो. माझंच नाणं मला परत मिळालं होतं. मी मोठा श्वास घेतला आणि सातव्यांदा मेलो.

साल ब्याण्णव. मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडावर आमची शाळा. मी मूळचा बार्शीचा, गणिताचा मास्तर. समुद्र हे माझ्या दृष्टीनं सुट्टीत लांबून बघायचं पाणी. त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत एक कॉम्प्युटर पाहुणा आला. एक संस्था असे तीन-चार कॉम्प्युटर किनाऱ्यावरच्या शाळांमध्ये फिरवायची. प्रत्येक शाळेला चार महिने. टेम्पोतून, गादीत गुंडाळून तो आला. ज्या खोलीत ठेवला तिथे चपला घालून जायची बंदी झाली, दाराखिडक्यांना काळी घोंगडी लागली, आणि हेडसरांनी गणित शिकवतो एवढ्याच पुराव्यावर किल्ली माझ्याकडे दिली.

बरोबर चार फ्लॉप्या होत्या. दोनवर टाइपिंगचे धडे, एकीवर इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं. चौथीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती घातली की पडदा काळा व्हायचा, आणि त्या काळ्यात एकेक करून तारे उगवायचे.

तो व्यापाराचा खेळ होता. तुम्हाला एक जहाज मिळायचं. या ताऱ्याच्या बंदरात माल स्वस्तात घ्यायचा, त्या ताऱ्याच्या बंदरात महाग विकायचा, आलेल्या पैशातून जहाज मोठं करायचं. वाटेत लुटारू. बस, एवढंच. पण दुपारी शाळा सुटल्यावर, त्या अंधाऱ्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत आणि बाहेरच्या लाटांच्या आवाजात ते ठिपके आमच्या अंगावरून मागे मागे सरकायला लागले की खोलीची जमीन हलते आहे असं वाटायचं. मुलं आपोआप हळू बोलू लागायची. एकदा एका मुलानं मला विचारलं, “सर, आता आपण किती खोल आलो?” मी म्हणालो, “फार खोल.” त्यानं मान डोलवली आणि शेजाऱ्याचा हात धरला.

मुलं आठवड्यात शिकली. मला महिना लागला. माझ्या सरावासाठी त्यांनी वेगळा डाव ठेवला होता, रिकाम्या जहाजाचा. वर्गाचं खरं जहाज मला चालवायला द्यायचं नाही असा ठराव झाला होता, आणि तो मोडण्याची माझी हिंमत नव्हती. वर्गात जहाज एकच. रोज दोघांची पाळी. फ्लॉपीवर एकच डाव राहायचा. नवा ठेवला की जुना पुसला जायचा. म्हणजे काल जे झालं ते झालं.

खोलीच्या दाराशी बाकावर बाबल तांडेल बसायचे. वय सत्तरीच्या पुढे. उमेदीत मालवाहू शिडाच्या गलबतावर मुख्य, म्हणजे तांडेल, होते. मंगळुराहून कौलं भरून मुंबईला न्यायची, अशा खेपा त्यांनी तीस वर्षं केल्या. गलबतं गेल्यावर शाळेनं त्यांना घंटा वाजवायला ठेवलं. कॉम्प्युटर आल्यापासून दुसरं काम लागलं, मुलांच्या चपला राखायचं, कारण गावातली कुत्री चपला पळवायची. घोंगडीच्या फटीतून ते आत बघत. पंधरा दिवस काही बोलले नाहीत. मग एक दिवस फटीतून आवाज आला.

“पोरांनू, रिकामी खंय चालली ती बोट?”

“पलीकडच्या बंदरात, आजोबा,” सत्यवान म्हणाला. “तिथे माल स्वस्त आहे. आणायला चाललोय.”

“रिकाम्या गलबताक वारो उलटो करता. काय तरी भरा. दगड भरा, मीठ भरा.”

“इथे वारा नाही, आजोबा. हे आकाश आहे.”

“आकाशात वारो नाय?” तांडेलांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच पोरांना काहीबाही शिकवतो आहे. “बरां. तरी भरा.”

केवळ त्यांचं मन मोडू नये म्हणून मुलांनी सगळ्यात स्वस्त खनिज भरलं. पलीकडे त्याला चौपट भाव निघाला. त्या दिवसापासून तांडेलांची फटीतली जागा पक्की झाली.

दुसरी गोष्ट त्यांनी दिली ती भांडण मिटवायला. जहाजाची वखार तोवर तीस टनांची झाली होती, आणि काय भरायचं यावरून रोज मारामारी. सत्यवानला दारूगोळा हवा, कोणाला फर, कोणाला कापड. एकदा दीपानं रागानं वही फेकली, तेव्हा बाहेरून खाकरणं ऐकू आलं.

“आमच्या गलबतावर माल शेटचो,” तांडेल म्हणाले. “पण दर खलाशाक एक गाठोडां आपला न्हेऊक मिळा. एकच. तेच्यात काय भरूचां तां तेचां तो ठरवी. दुसऱ्यान तेच्यात बोट घालूचां नाय.”

मुलांनी हिशेब केला. एकोणतीस मुलं, तीस टन. प्रत्येकाला एक. उरलेला एक टन कोणाचा?

“सरांचा,” उर्मिला म्हणाली.

मला आठवतं, मी उगाचच चष्मा पुसला.

मी यंत्रं घेतली. वजनाला सगळ्यात महाग माल तोच. सत्यवाननं शेवटी फर घेतलं. उर्मिलेनं काय घेतलं ते सांगण्याआधी कोरडीबद्दल सांगायला हवं. खेळातली बंदरांची नावं इंग्रजी आणि उच्चारायला अशक्य, म्हणून मुलांनी आपली ठेवली होती. त्यातलं एक कोरडी. तिथल्या दरांच्या यादीत धान्याचा भाव इतर बंदरांच्या तिप्पट होता. यादी दिसल्यावर पोरं नाचायला लागली, “तिप्पट! तिप्पट!” उर्मिला नाचली नाही. ती पडद्याजवळ जाऊन तो आकडा बघत राहिली.

“म्हणजे तिथे कोणाला पोटभर मिळत नाही,” ती म्हणाली.

“अगं, तिथे कोणी नाहीच आहे,” दीपा म्हणाली. “आकडा आहे नुसता.”

“असेल,” उर्मिला म्हणाली, आणि आपल्या टनात धान्य भरलं. तिप्पट भावानंही ते फरपेक्षा स्वस्तच होतं; पूर्ण जहाजात धान्य तेवढंच.

मुलांचं खरं लक्ष होतं पैलवर. ताऱ्यांच्या नकाशात, सगळ्या ठिपक्यांपासून लांब, कोपऱ्यात एक तारा होता. तिथे पोचायला लागणारं खास इंजिन घ्यायला आम्हाला तीन महिने लागले. आता फक्त इंधन हवं होतं, आणि कोरडीला माल विकला की तेवढे पैसे बरोबर जमणार होते. शुक्रवारी कोरडी, शनिवारी सकाळी पैल. शनिवारी अकराला टेम्पो येऊन कॉम्प्युटर पुढच्या शाळेला जाणार होता. पैलला काय असेल यावर पोरांची बोलणी चालायची. कोणी म्हणे तिथे बंदरच नाही, नुसता उजेड आहे.

कोरडीच्या खेपेची पाळी यादीत उर्मिलेची होती. पण तिला कावीळ झाली. तीन आठवडे ती घरी होती; तिचा टन मात्र वखारीत तसाच होता. डॉक्टरांनी सोमवारपासून शाळा सांगितली होती, आणि सोमवारी कॉम्प्युटर नसणार होता. तिची पाळी कोणाची, यावर शुक्रवारी परत भांडण जुंपलं. शेवटी सत्यवाननं तोड काढली.

“सरांना देऊ. सर आता बंदरात शिरायला शिकलेत.”

“दहातून सात वेळा,” दीपा वहीत बघून म्हणाली.

“सात म्हणजे पास,” सत्यवान म्हणाला. ठराव मोडला गेला. मी वर्गाच्या खऱ्या जहाजाच्या खुर्चीत बसलो.

निघालो तेव्हा सगळं मजेत होतं. तारे सरकत होते. मुलं मागे गुणगुणत होती. कोरडी एका ठिपक्याची वाटाण्याएवढी झाली, वाटाण्याची लिंबाएवढी. आणि एकाएकी बाजूनं दोन त्रिकोण आले.

“लुटारू! सर, पळा!”

मी पळालो. पण वखार भरलेली, जहाज जड. अंगावर तडाखे बसायला लागले. खालची हिरवी पट्टी, जहाजाचं कवच दाखवणारी, अर्धी झाली. पाव झाली.

“सर, माल टाका!” दीपा ओरडली. “एक टन टाकला तरी वेग वाढतो!”

मी मालाची यादी उघडली. ओळीमागून ओळ: फर, कापड, खनिज, दारू, यंत्रं, धान्य. मागे एकोणतीस... नाही, अठ्ठावीस मुलं उठून उभी होती. “माझं नको!” “सर, माझं नको!” त्यांचे श्वास माझ्या मानेवर लागत होते. हिरव्या पट्टीचा एक ठिपका उरला.

“उर्मिलेचां टाका, सर!” सत्यवान म्हणाला. “ती खंय हा!”

मी बटण दाबलं. मागच्या बाजूनं एक छोटा पांढरा डबा सुटला, स्वतःभोवती गिरक्या घेत काळोखात गेला. जहाज किंचित सुटलं. किंचित पुरलं. कोरडी समोर आली, गोल फिरत. मी तिच्याबरोबर फिरलो, ती थांबल्यासारखी दिसली, आणि आम्ही आत शिरलो.

असा जल्लोष त्या खोलीत कधी झाला नव्हता. एकोणतीस टन विकले. सगळ्यात जास्त भाव माझ्या यंत्रांना आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पैलला पुरेल एवढं इंधन भरलं आणि वर थोडे सुटे पैसे उरले. मी डाव फ्लॉपीवर ठेवला. मुलं चपला शोधत, ओरडत घरी गेली.

मी कुलूप लावत होतो. तांडेल बाकावरून उठले नव्हते.

“मास्तर, तुमचो टन खंय हा?”

“विकला. चांगला भाव आला.”

“आणि त्या चेडवाचो?”

“टाकावा लागला. नाहीतर जहाजच गेलं असतं. एकच टाकला.”

“एक तर टाकूचोच होतो,” ते म्हणाले. “तां बरोबर.”

मी किल्ली खिशात ठेवली. ते समोरच्या खाडीकडे बघत होते. भरती लागत होती.

“आमच्याकडे रीत होती,” ते म्हणाले. “गाठोड्यांची गोष्ट मी पोरांका सांगितलंय, पण अर्धीच. वादळात माल टाकूची पाळी इली, तर पयलां गाठोडां तांडेलाचां. मगे बाकीच्यांचां. कोणी लिवन ठेवलेली नाय ही रीत. पण होती.”

मी बाकाच्या कडेला बसलो.

“एक वर्स चैतात आमका वादळान गाठलां. रेडी बंदराच्या भायर. कौलां टाकली तरी गलबत वर येयना. मगे गाठोडी. माझ्या गाठोड्यात पाळणो होतो, शिसवाचो, सुटो करून बांधललो. घरात पयलां पोर येवचां होतां. रघ्या म्हणान एक खलाशी होतो, तेचां मिऱ्याचां पोतां. तो खाली पाणी उपसत होतो. माझ्याकडे तेची पाठ होती.” त्यांनी आपले तळहात बघितले. “जेचां तोंड दिसणा नाय, मास्तर, तेचां गाठोडां हातात हलकां लागता.”

“मग?”

“मगे काय? वाचलाव सगळे. रघ्यान इचारलान नाय. तेका वाटलां, समुद्रान न्हेलां. फुडे दोन वर्सां तो माझ्याच गलबतावर होतो. रेडी इली की तो कठड्याक उभो ऱ्हवून खाली बघी. मी पण बघी. पाण्याक काय खूण असता? तरी बघी.”

“तुम्ही त्याला सांगितलंत?”

तांडेल उठले, आणि गावासाठी रोजची पाचची घंटा द्यायला गेले.

उर्मिलेचं घर खाडीच्या काठाला, शाळेपासून दहा मिनिटांवर. मी गेलो तेव्हा तिची आई अंगणात जाळं विणत होती. “अगो बाय, सर इले! खुर्ची हाड गे कोणीतरी,” असं म्हणत तिनंच खुर्ची आणली. उर्मिला पडवीत खाटेवर बसली होती. डोळे अजून पिवळे. मांडीवर वही, तिच्यात पेन्सिलीनं काढलेला ताऱ्यांचा सगळा नकाशा.

“पोचलो?” तिनं पहिलं विचारलं.

“पोचलो. कोरडीला पोचलो. उद्या पैल.”

ती हसली. मग मी सांगितलं. लुटारूंचं सांगितलं, हिरव्या पट्टीचं सांगितलं, आणि मग उरलेलं. माझाही टन वखारीत होता, तो मी ठेवला, तुझा टाकला, हे वाक्य बोलायला मला फार वेळ लागला. पंधरा वर्षं मी पोरांना ‘चुकलं तर चुकलं म्हणा, पुढे जा’ असं शिकवत होतो. ते इतकं अवघड असतं, याची मला कल्पना नव्हती.

उर्मिलेनं भिंतीकडे तोंड केलं. तिची आई जाळं विणायची थांबली होती.

“माझा टन विकून आलेले पैसे तुझे,” मी म्हणालो.

“मला यंत्रं नको होती,” ती भिंतीला म्हणाली. थोड्या वेळानं वळली. डोळे पुसलेले नव्हते. “कुठे टाकलंत?”

“म्हणजे?”

“कुठे? कोरडीच्या कुठल्या बाजूला? किती लांब?”

“ते... माझ्या लक्षात नाही.”

“तुम्ही आम्हाला प्रत्येक पायरी लिहायला लावता, सर.”

तिची आई म्हणाली, “गे, सरांका असां बोलतत?” मी म्हणालो, “बोलू दे तिला.” निघताना “येतो” म्हणालो. उर्मिला परत नकाशाकडे वळली.

शनिवारी सकाळची शाळा. दहाला वर्ग त्या खोलीत जमला, सगळे आंघोळी करून, काहीजण नवे कपडे घालून. पैल आज. मी कॉम्प्युटर लावायच्या आधी उभा राहिलो आणि वर्गाला तेच सांगितलं जे उर्मिलेला सांगितलं होतं. तांडेलांची रीत सांगितली. त्यांचा पाळणा सांगितला नाही; तो माझा नव्हता.

मग सत्यवान पुटपुटला, “मीच बोललो होतो, सर. तुम्हाला मीच सांगितलं.”

“बटण मी दाबलं.”

दार वाजलं. उर्मिला होती. अंगाला आईची शाल, मागे आई. “अर्धो तास,” आई म्हणाली. “ऐकतच नाय. डाक्टरांका सांगा नको हां.”

सगळे तिच्याकडे बघत होते. सत्यवान त्या दिवशीच्या पाळीचा. तो खुर्चीत बसलेला होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि उठला.

“कालची पाळी तुझी होती,” तो म्हणाला. “बस.”

ती बसली. पडदा काळा झाला, तारे उगवले. आमचं जहाज कोरडीच्या बंदरात उभं होतं, पैलला पुरेल तेवढं इंधन भरून. तिनं नकाशा उघडला. कोपऱ्यातल्या त्या एकट्या ठिपक्यावर बाण नेला. मुलं पुढे सरकली. बाण तिथे थांबला. बराच वेळ थांबला. मग तिनं नकाशा बंद केला, जहाज बंदराच्या बाहेर काढलं आणि काल मी ज्या दिशेनं आलो होतो तिकडे वळवलं.

“अगं, मग पैल?” दीपा म्हणाली. “इंधन संपेल!”

उर्मिला वळली नाही. “माझ्या पाळीपुरतं बघते,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल तेव्हा मागे फिरवते.”

मी वर्गाकडे बघितलं. असल्या खेळात टाकून दिलेली वस्तू लक्षात ठेवलेली असते की फ्लॉपी बंद केली की पुसली जाते, हे मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. पण मागे फिर असं सांगणं माझं काम नव्हतं.

कोणीच काही सांगितलं नाही.

दहा मिनिटं गेली असतील. काळ्यात पांढरे ठिपके, सगळे सारखे. हळूहळू मुलं पडद्याच्या जवळ आली. कोणी वरचा डावा कोपरा वाटून घेतला, कोणी खालचा उजवा. “तो हलला.” “तो तारा आहे.” “तो बघ.” “तारा.” कुजबुजच चालली होती, झोपलेलं मूल जागं होऊ नये अशी.

“सरळ जाव नको,” मागून आवाज आला. बाबल तांडेल आत आले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत. “गोल फिर, बाय. लहान फेरो, मगे तेच्यापेक्षा मोठो, मगे तेच्यापेक्षा मोठो. शोधूचां असला की असांच.”

उर्मिलेनं जहाज गोल घातलं. तारे एका बाजूनं वाहायला लागले. फेरा मोठा झाला. आणखी मोठा. बाहेर कुत्र्यांनी कोणाच्या तरी चपला ओढल्याचा आवाज आला, पण उठलं कोणी नाही. इंधनाची पट्टी पैलच्या खुणेखाली गेली तेव्हा दीपानं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. संस्थेचा माणूस आत आला, दाराशी चपला काढून. “चला, सर, उशीर नको,” असं म्हणता म्हणता त्याचा आवाज आपोआप खाली आला. त्यानं अंधारात एकमेकांना चिकटून उभी असलेली पोरं बघितली.

“काय शोधताय?”

“एक टन धान्य,” सत्यवान म्हणाला.

त्या माणसानं घड्याळ बघितलं. मग तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला. तोही बघू लागला.

अर्ध्या तासाचा पाऊण झाला. उर्मिलेच्या आईनं एकदाही हाक मारली नाही. शेवटी मुलगीच थकली. तिनं जहाज बंदरात आणलं, सहज, एका श्वासात, मला कधी जमलं नाही असं. डाव फ्लॉपीवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

“हे जहाज पुढच्या शाळेत जाणार ना?” तिनं त्या माणसाला विचारलं.

“हो. फ्लॉप्या सगळ्या बरोबर जातात.”

“मग थांबा हां.”

तिनं दीपाच्या वहीतलं पान फाडून घेतलं. त्यावर तिनं लिहिलं, मी वाचलं: ‘आमचं एक टन धान्य कोरडीच्या, म्हणजे जहाज उभं आहे त्या बंदराच्या, बाहेर कुठेतरी आहे. आम्ही चौदा फेरे घातले. सापडलं तर कोरडीला द्या. भाव मिळेल तो तुमचा.’ खाली शाळेचा पत्ता. चिठ्ठी तिनं फ्लॉपीच्या पाकिटात सरकवली. मग गादीत गुंडाळलेला कॉम्प्युटर टेम्पोत चढला. पैलला काय आहे, ते आम्हाला कधी कळलं नाही.

तांडेल पुढे रघ्याच्या घरी गेले की नाही, मी विचारलं नाही. मार्चमध्ये दोन दिवस ते रजेवर होते आणि घंटा मी वाजवली, एवढं खरं.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी एक पोस्टकार्ड आलं, विजयदुर्गाच्या बाजूच्या कुठल्याशा शाळेतून. अक्षर एकाचं, सह्या बावीस. मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं.

‘सातवीस नमस्कार. तुमची चिठ्ठी मिळाली. आम्ही रोज पाळीनं फिरतो. तुमचं धान्य अजून सापडलेलं नाही. काल एक डबा सापडला, पण त्यात कापड निघालं. तुमच्यापैकी कोणाचं असेल तर कळवा, विकलेलं नाही. जूनमध्ये आमच्याकडून कॉम्प्युटर पुढच्या शाळेला जाईल. चिठ्ठी त्यांना देऊ.’

“कापड कोणाचं?” मी विचारलं.

कोणाचंच नव्हतं. आम्ही उर्मिलेच्या टनाशिवाय काही टाकलंच नव्हतं. एकोणतीस मुलं एकमेकांकडे बघत राहिली, आणि मग सगळी उर्मिलेकडे.

“त्यांना विकू नका म्हणावं,” ती म्हणाली. “कोणीतरी फेरे घालत असेल.”

मी खिशातलं पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं.